धारवाल्यांच्या कपाटातलं प्रश्नचिन्ह

...आणि धारवाल्यांनी तो सुरा खिडकीच्या उजेडात आडवा धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आजोबा, हा माणूस खोटं बोलतोय."

काल गोष्ट इथवर आली आणि चहा आला. चहा संपला, माणसं उठली, आणि सुरा आपला तसाच उजेडात लटकलेला राहिला. आज तो खाली उतरवतो. पण काल जे नव्हते त्यांना आधी चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर म्हणतील, म्हाताऱ्यानं मधूनच गाडी सोडली.

धारवाले आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. खोल्या दोन. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत खिडकीला लागून एक लांब बाक. बाकावर पाण्याच्या टबात तीन दगड, एक खरखरीत, एक मध्यम आणि एक साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. विजेवरचं चाकही आहे, पण त्याच्यावर कायम फडकं. "चाकानं धार येते, पण सुऱ्याचं आयुष्य जातं," म्हणतात. शहरातल्या साठ-पासष्ट चिनी हॉटेलांचे सुरे त्यांच्याकडे धारेला येतात. चिनी सुरा तुम्ही पाहिला असेल. टोक नाही, काही नाही, आमच्या शाळेतल्या पाटीएवढं चौकोनी पातं आणि आखूड मूठ. त्या एकाच पात्यानं ती माणसं कोथिंबीर कापतात, हाडंही तोडतात आणि कापलेलं उचलून कढईतही टाकतात.

तर अशा माणसाला शहरातलं चांगलं चायनीज कुठे मिळतं ते माहीत असणारच, नाही का? सगळी इमारत त्यांना विचारते. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाची बहीण परगावाहून आली, की चालले खाली धारवाल्यांना विचारायला. आजकाल फोनमध्ये हॉटेलांना तारे दिलेले असतात म्हणे. ते दाखवले तर धारवाले म्हणायचे, "तारे बघायचे असतील तर गच्चीवर जा." त्यांची स्वतःची यादी होती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं. काही नावांपुढे बरोबरची खूण, बऱ्याच नावांपुढे फुली. साठ-पासष्टांत बरोबरच्या खुणा किती? सात.

आणि ही खूण जेवून पाहून दिलेली नव्हे हं! जेवण शेवटी. आधी सुरा वाचायचा.

एकदा मी एका हॉटेलाची तारीफ करत बसलो होतो. मोठं हॉटेल, दारात लाल कंदील, आत काचेच्या टाकीत जिवंत मासे. धारवाले म्हणाले, "त्यांचा सुरा तीन महिन्यांनी आला. गेला तसाच धारदार."

मी म्हटलं, "मग तुमच्याच धारेची कमाल!"

"कसली कमाल! धार टिकली म्हणजे कापलंच नाही. कापलं नाही म्हणजे कापलेलं येतं, पिशवीतून, बर्फासकट."

"अहो, पण टाकीतला मासा?"

"तो नोकरीला आहे. चार वर्षं तोच मासा आहे, आजोबा. मी त्याच्या शेपटीवरचा डाग लक्षात ठेवलाय."

उलट बस डेपोच्या मागे एक खोपटं होतं, पाटीवरची अक्षरंसुद्धा उडालेली. त्यांचा सुरा दर पंधरा दिवसांनी यायचा आणि मुठीजवळच्या भागात पात्याला करवतीसारखे दाते पडलेले असायचे. धारवाल्यांनी त्याला पहिल्याच महिन्यात बरोबरची खूण दिली. "रोज हाडं फोडतात. म्हणजे सार हाडांचं आहे, पुडीतलं नाही." मी जाऊन ते सार प्यायलो. दोन वाडगे प्यायलो. अजून जीभ आठवण काढते.

संशय हा त्यांचा स्वभावच. मालक दारात उभा राहून हसला की संशय. पदार्थांची यादी दोन पानांपेक्षा मोठी झाली की संशय. "दोनशे पदार्थ? मग दोनशे भांडी कुठेयत?" घरातही तेच. बायकोनं चिठ्ठी लिहून ठेवली, "बाजारात जाते", तर ती उलटून मागची बाजू बघणारा हा माणूस. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "आजोबा, लग्नात यांनी फोटोवाल्याला विचारलं होतं, कॅमेऱ्यात रोल आहे ना? दोनदा!"

पण एका गोष्टीत त्यांचा संशय नव्हता, पक्की खात्रीच होती. ती अशी की हॉटेलचं स्वयंपाकघर माणसाला खातं. तरुणपणी बारा वर्षं ते तिथेच उभे होते, नुसतं कापत. डाव्या गुडघ्याची वाट लागली, कोपरापासून मनगटापर्यंत उकळत्या तेलाचा डाग राहिला. मुलगी झाली त्या दिवशी त्यांनी वहिनींना सांगितलं, "ही पोरगी भट्टीपुढे उभी राहणार नाही."

मुलीचं घरातलं नाव मुंगी. रांगत होती तेव्हापासून काही ना काही उचलून कुठेतरी न्यायची, म्हणून मुंगी. मुंगी मूळची डावरी. धारवाल्यांनी पाचव्या वर्षी तिच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. मारलं-बिरलं नाही, नुसतं रोज देत राहिले. मला म्हणाले होते, "जगातल्या कात्र्या उजव्या, सुरे उजवे. पोरीचा हात उगाच अडत राहायला नको." झालं, पोरगी उजव्या हातानं लिहू लागली, जेवू लागली. शिकली, विमा कंपनीच्या ऑफिसात लागली. बाप खूश.

आता खरी गंमत ऐका. आठ महिन्यांपूर्वी मी चुकीच्या थांब्यावर उतरलो, आणि या वयात चुकीच्या थांब्यावर उतरलं की पहिली गरज कसली लागते ते सांगायला नको. समोर हिरव्या दाराचं एक छोटं चिनी हॉटेल दिसलं. आत शिरलो, विचारलं, जाऊन आलो, आणि परत येताना वाढायच्या खिडकीतून पाहतो तर काय, आमची मुंगी! डोक्याला फडकं बांधलेलं आणि डाव्या हातात सुरा. असा काही चालवत होती की फळीवर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता.

ती मागच्या दारानं मला बाहेर घेऊन आली. "आजोबा, ऑफिस सोडलंय मी. तिथे दिवसभर खुर्ची गरम करायची, इथे मला भूक लागते. बाबांना सांगू नका. त्यांना कळलं तर ते ओरडणार नाहीत, नुसते जेवायचे थांबतील. मग मला हे सोडावंच लागेल. आणि हे सोडलं ना आजोबा, तर मी परत कुठेच लागणार नाही, लिहून ठेवा."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या इमारतीला माहीत. आणि पोरीनं गुपित ठेवायला दिलं ते मला! पण ठेवलं हो. आठ महिने ठेवलं. दर गुरुवारी मागच्या दाराशी वाफाळत्या पुरचुंड्यांची एक टोपली मिळायची, सारण आलं आणि कोबीचं, गुपित राखायला त्या टोपलीचाही थोडा हातभार लागला असेल.

हॉटेल एका चष्मेवाल्याचं. कढई त्याची, कापणं आणि वाफवणं मुंगीचं. ती येण्याआधी तिथे माश्याही बसत नव्हत्या, आता दारात रांग. आणि चष्मेवाल्याचा सुरा धारेला कुठे येणार? आमच्या तळमजल्यावर. मुंगीनं त्याला बजावलं होतं, विचारलं तर सांग, सुरा मीच वापरतो. म्हणजे बाप लावतोय धार, लेक कापतेय, आणि मधे मी बसलोय बाकावर चहा पीत.

तर तो सुरा उजेडात धरून धारवाले म्हणाले, "हा माणूस खोटं बोलतोय."

मी चहाचा घोट गिळला तो अर्धा चुकीच्या नळीत गेला. "कोण?"

"हिरव्या दाराचा चष्मेवाला. म्हणतो, मीच कापतो. उजव्या हाताचा सुरा उजव्या अंगानं झिजतो. हा डाव्या अंगानं झिजलाय. दर वेळी मी उजव्या हाताची धार लावून देतो, दर वेळी उलटा होऊन येतो. आणि चष्मेवाला उजवा आहे, माझ्यासमोर सही केलीय त्यानं. मग कापतं कोण?"

"अहो, असेल कोणीतरी. आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला नाही, मला करायचंय." त्यांनी कपाट उघडलं. हिरव्या दारापुढे खूण नव्हती, फुलीही नव्हती. एक प्रश्नचिन्ह होतं, खोडून खोडून चार वेळा काढलेलं. "सगळं शहर तिथे रांग लावतंय. सुरा सांगतो की कापणारा पक्का आहे. मग त्याला लपवतात का? जिथे माणूस लपवतात तिथे काय काय लपवत असतील! सुरा आज संध्याकाळी परत जातोय, उद्या तीन वाजता आपण जायचं. तुम्ही चला."

तीन वाजता का, तर गिऱ्हाईक कमी असतं आणि आचारी स्वतः जेवायला बसतात. ते स्वतः काय खातात यावर धारवाल्यांचा फार विश्वास.

मी गुडघा पुढे केला. "माझा गुडघा..."

"माझा जास्त दुखतो. आणि गुडघ्यानं नाही, बसनं जायचंय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तुम्हाला घाम का आलाय, आजोबा?"

वर आलो आणि मुंगीला फोन लावला. तीनदा लावला. उचलेल कशी? हात कणकेत. संध्याकाळी जिन्यात गाठायचं ठरवलं तर ती आली नेमकी बापाबरोबर, भाजीची पिशवी धरून. तिच्या बोटाला पट्टी होती. धारवाले विचारत होते, "ऑफिसात कागदानं एवढं कापतं?" ती म्हणाली, "स्टेपलर लागला बाबा." "परवाही स्टेपलरच होता." मी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, भुवया उडवल्या, सगळे प्रकार केले. पोरगी म्हणते, "आजोबा, डोळ्यात काही गेलंय का?" सकाळी म्हटलं लवकर उठून गाठू. दुसरा मोजा सापडेपर्यंत ती निघून गेली.

तीनला पाच कमी असताना आम्ही हिरव्या दारात. आठ टेबलं, काचांवर वाफ, भिंतीवर घड्याळ आणि मी हात धुऊन आलो त्या आतल्या नळाशी खरंच साबण. धारवाल्यांनी टेबलाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं. काही लागलं नाही म्हणून आणखी संशय आला. "आपण येणार हे कोणी सांगितलं होतं का यांना?" मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

मागवलं काय, तर बटाटा. अहो, एवढ्या लांब येऊन बटाटा! पण ती त्यांची परीक्षा. चिनी माणसं बटाट्याचे दोऱ्यासारखे काप करतात आणि व्हिनेगर टाकून मोठ्या आचेवर क्षणभर परततात. लपवायला मसाला नाही, रस्सा नाही. सुरा चांगला नसेल तर तिथल्या तिथे उघडं पडायचं. दुसरा वाफवलेला मासा, त्याच्यावर आल्याचे काप.

बशा आल्या. मी खायला लागलो. खोटं कशाला सांगू, त्या बटाट्यानं मी का आलोय तेच विसरलो. आंबट, कुरकुरीत, आणि माशावरचं ते आलं तर जिभेवर ठेवलं की नाहीसं! मी भात परत मागितला.

धारवाले खात नव्हते. त्यांनी बटाट्याचे बारा काप काढून बशीच्या कडेवर ओळीनं मांडले आणि खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"डावरा आहे," ते म्हणाले. "काप डावीकडे झुकलेत. आणि हे बघा, वरून बारीक, खाली जाड. सगळे बाराच्या बारा. दोराभर फरक."

"म्हणजे कापणारा कच्चा?" मी आशेनं विचारलं. म्हटलं फुली मारतील आणि उठतील.

"कच्चा असता तर प्रत्येक काप वेगळा असता. हात पक्का आहे. सुरा आत ओढतोय आणि हात त्याला दर वेळी खेचून बाहेर आणतोय. दिवसभर. हजार वेळा." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "डाव्या हाताला उजवी धार दिली की असं होतं. धार कोणी दिली?"

मी माशाचे काटे काढत बसलो.

"मी," ते म्हणाले. "दर पंधरा दिवसांनी पोराचा सुरा मी बिघडवून पाठवतोय. तो बिचारा कसाबसा त्याच्या हाताला वळवून आणतो, की मी परत बिघडवतो."

मी या माणसाला तीस वर्षं ओळखतो. सगळ्या जगावर संशय घेताना पाहिलंय, पण स्वतःच्या दगडावर घेताना पहिल्यांदाच पाहिलं. चेहरा उतरला हो त्यांचा. मला वाटलं, झालं, आता गप घरी जातील. पण नाही. ते उठले आणि वाढायच्या खिडकीवर टकटक केलं.

चष्मेवाला बाहेर आला. धारवाल्यांना पाहिलं आणि चष्म्यावर आतून वाफ धरली त्याच्या.

"धारवाले काका! तुम्ही? सांगितलं असतंत तर..."

"म्हणून नाही सांगितलं. कापतो कोण?"

"मीच, काका."

"हात दाखव."

त्यानं दाखवले. धारवाल्यांनी त्याच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी अंगठा दाबला. "सुरा धरणाऱ्याला इथे घट्टा असतो. तुझा हात लोण्यासारखा आहे. परत विचारतो. आणि घाबरू नकोस, मला त्याची माफी मागायचीय."

"माफी?" चष्मेवाला माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

"काका, मीच हो कापतो... म्हणजे सकाळी मी, आणि मग..."

"मग कोण? कोणाला कोंडून ठेवलंयस आत? कागदपत्रं नाहीत का त्याची? पगार देतोस की नाही?" आवाज चढायला लागला. दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "पोलिसांना बोलवू?"

"त्याला नका बोलू, बाबा."

पडदा बाजूला झाला. डोक्याला फडकं, अंगावर ॲप्रन, कपाळाला आल्याचा एक धागा चिकटलेला. आणि सुरा डाव्या हातात. पळायला मागचं दार उघडं होतं, गुरुवारी टोपली घेताना मी त्या दाराशीच उभा राहतो. पण आली पुढे.

धारवाल्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हाताकडे पाहिलं. मग बोटावरच्या पट्टीकडे. मग परत हाताकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

"स्टेपलर," ते म्हणाले.

"हो," मुंगी म्हणाली.

"किती दिवस?"

"आठ महिने."

"ऑफिस?"

"सोडलं."

"आईला माहीतेय?"

"नाही."

"आजोबांना?"

मी भाताच्या वाडग्यात तोंड घातलं. धारवाले माझ्याकडे न वळता म्हणाले, "तुम्ही मघाशी नळाकडे न विचारता सरळ गेलात, आजोबा. पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो." बघा! एवढ्या गडबडीत तेसुद्धा टिपलं होतं.

मुंगीनं फडकं डोक्यावरून काढलं. "घरी मी सगळं उजव्या हातानंच केलं बाबा, तुम्ही सांगितलंत तसं. अजूनही करते. पण हे मला उजव्या हातानं येत नाही. आणि याच्याशिवाय दुसरं काही मला करावंसं वाटत नाही. तुमचा डाग मला माहीतेय. तुमचा गुडघा माहीतेय. रोज इथे उभी राहते तेव्हा ते दोन्ही आठवतात. दुसरीकडे धारेला टाकून बघितला सुरा. दोन दिवसांत मेला. उलटी का होईना, मला तुमचीच धार लागते."

चष्मेवाल्यानं जाऊन कढईखालचा जाळ बंद केला.

धारवाले खुर्चीवर बसले. बशीच्या कडेवर मांडलेल्या बारा कापांतला एक उचलून त्यांनी तोंडात टाकला. मग दुसरा. चावताना त्यांचा चेहरा आम्ही तिघं बघत होतो, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. तिसरा काप खाऊन झाल्यावर त्यांनी डाग असलेला हात पुढे केला आणि ती घाबरून मागे सरली. पण त्यांना बोट बघायचं होतं. पट्टी उचलून पाहिली. तर्जनीच्या मुळाशी घट्टा आला होता आणि घट्ट्याच्या शेजारी कातडी फुटली होती, सुरा आत ओढतो त्याच बाजूला.

मुंगी अगदी हळू म्हणाली, "बाबा, मग मी उद्यापासून येऊ नको का इथे?"

धारवाल्यांनी भिंग खिशात टाकलं, तिच्या डाव्या हातातला सुरा काढून घेतला, अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि म्हणाले:

"आठ महिने उलट्या धारेनं कापलंस आणि बापाला एकदाही शिव्या दिल्या नाहीस, याचाच मला जास्त संशय येतोय, उद्या ये, पण अकराच्या आधी नको, डावी धार मी आयुष्यात लावलेली नाही, मला सकाळ लागेल."